नळी किती लांब?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस बंदुकीच्या नळीची चर्चा चालली होती. एरवी तिथे सुप्रभातची फुलं, कुणाच्या तरी नातवाचा नाच आणि मधुमेहावर जांभळाच्या बियांचं चूर्ण, एवढंच येतं. त्यामुळे मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

सुरुवात गावच्या भाच्यानं केली. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत तो आता कायमचा राहतो. लालबागच्या खोलीत राहून पंधरा वर्षं नोकरी केली, २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गावी गेला तो परत आलाच नाही. काजू लावले, ओहोळाच्या कडेला केळी लावल्या. आणि आता लिहितो, "आत्या, माकडांनी यंदा केळीचा एक घड ठेवला नाही गो. रात्री डुकरं, दिवसा माकडं. शेतीसंरक्षणाचा बंदुकीचा परवाना काढतोय. कुठली घेऊ?"

त्यावर माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं अमेरिकेतून हे लांबलचक उत्तर. तो तिकडे पश्चिमेच्या बाजूला राहतो. तिथल्या कुरणांत खारीच्या जातीचे प्राणी बिळं करून जमीन पोखरतात, त्यांना आणि कोल्ह्याच्या भाऊबंदांना हे लोक सुट्टीच्या दिवशी दोनशे-तीनशे मीटरवरून टिपतात. असल्या उपद्रवी जनावरांना तिकडे सरसकट 'वार्मिंट' म्हणतात. त्यासाठी बारीक गोळीच्या, जाड नळीच्या वेगळ्या रायफली मिळतात. त्याने स्वतः नुकतीच एक घेतली होती, आणि नळी चोवीस इंची घ्यावी की सव्वीस इंची यावर त्याचे तीन आठवडे गेले होते. ते सगळं त्याने भावाला समजावून दिलं होतं. "सव्वीसच घे. लांब नळी म्हणजे जास्त वेग, जास्त पल्ला, जास्त नेम."

मग इतरांनी आपापली अक्कल घातली. माझ्या दिरांनी तर २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा आपला कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे कुठली रायफल वापरतो, ते बघून तीच घ्या असं सुचवलं. शेवटी कुणीतरी लिहिलं, "आत्या कॉलेजात एनसीसीत होती. तिला विचारा ना!"

मी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

आधी नळीचं बघू. मी आयुष्यभर गिरगावातल्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे शास्त्राच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण माझा एक विद्यार्थी वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर कित्येक वर्षं नेम धरतोय (आता त्याचेही केस पिकलेत), त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, तुम्ही माझं पेन जप्त केलं होतंत ते आठवतं का?"

आठवतं तर! रिफिल काढलेल्या पेनाच्या नळीत कागदाचा भिजवलेला बोळा घालून पुढच्या बाकावरच्यांच्या मानेवर फुंकायचा. असली पेनं मी टेबलाच्या खणात डझनानं जमवली होती.

"तेच गणित आहे," तो म्हणाला. "नळी अगदी आखूड असली तर फुंकर बोळ्याला नीट ढकलायच्या आत बोळा बाहेर. थोडी लांब केली की बोळा जास्त जोरात जातो. पण नळी हातभर लांब केली तर तुमचा श्वासच संपतो, आणि उरलेल्या नळीत बोळा घासत घासत उलट मंदावतो. बंदुकीत श्वासाच्या जागी दारूचा वायू, एवढाच फरक."

म्हणजे नळी किती लांब हवी हे गोळीच्या जाडीवर ठरत नाही, तिच्यामागे दारू किती आहे त्यावर ठरतं. हे मला अगदी नवीन होतं. आमच्या अमेरिकेतल्या चिरंजीवांची गोळी आणि एनसीसीतली पॉइंट टूटूची गोळी जवळजवळ एकाच जाडीची, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. पण त्याच्या काडतुसात दीड ग्रॅमच्या वर दारू, आणि टूटूच्या काडतुसात ग्रॅमचा जेमतेम दहावा भाग. त्याच्या दारूला जळून गोळी ढकलायला चोवीस-सव्वीस इंच खरोखर लागतात, तरी शेवटच्या दोन इंचांनी वेगात फार मोठी भर पडत नाही. टूटूची दारू सोळा ते अठरा इंचांतच आपलं काम संपवते. त्यापुढची नळी नुसतं घर्षण.

मग नेमबाजांच्या रायफली एवढ्या लांब का दिसतात? मला वाटत होतं लांब नळीनं नेम चांगला लागतो. तर तसं नाही. लांब नळीवर पुढची माशी डोळ्यापासून दूर जाते, त्यामुळे नेम धरताना झालेली बारीक चूक डोळ्याला दिसते, एवढाच तिचा फायदा. दुर्बीण लावली की तोही उरत नाही. उलट लांब नळी जास्त थरथरते. एका टोकाला धरलेली फूटपट्टी बाकाबाहेर जितकी जास्त काढाल तितकी जास्त हलते, तसं. शिवाय गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत सेकंदाचा सुमारे तीनशेवा भाग जातो आणि तेवढ्यातही माणसाचा हात हलतो. म्हणून हल्ली टूटूचे नेमबाज खरी नळी आखूड ठेवतात आणि तिच्या पुढे नुसती पोकळ नळी जोडून त्यावर माशी बसवतात. बाहेरून बघणाऱ्याला सगळी मिळून एक लांब नळी वाटते. मला हे ऐकून गंमत वाटली. दिसण्याला लांब, कामाला आखूड!

छऱ्याच्या एअरगनचंही सांगून टाकते, कारण कोकणात माकडांसाठी हीच जास्त घेतली जाते. नळी मोडून स्प्रिंग ताणायची जी साधी एअरगन असते, तिच्यात छऱ्याला जो काय धक्का बसायचा तो पहिल्या वीतभरातच बसतो. बाकीची नळी ही मुख्यतः स्प्रिंग ताणताना हाताला तरफ मिळावी म्हणून. तेव्हा दुकानदाराने लांब नळीचे जास्त पैसे मागितले तर द्यायचे कारण नाही. आणि माकडाला छरा मारायचंही कारण नाही. ते संरक्षित जनावर आहे, छऱ्यानं मरत नाही, कातडीखाली छरा घेऊन आठवडाभर कुजत फिरतं. डुकराला तर एअरगन म्हणजे गुदगुल्या, आणि चिडलेलं डुक्कर माणसाच्या मांडीला काय करतं ते आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे.

आता कायद्याचं. ही माझ्या आवडीची जागा, कारण इथे अमेरिकेतल्या भाच्याचे सगळे सल्ले एका फटक्यात गळून पडतात. आपल्याकडचा १९५९चा शस्त्र अधिनियम म्हणतो की आत आटे नसलेली, म्हणजे गुळगुळीत नळीची, आणि नळी वीस इंचांहून कमी नसलेली बंदूक स्वसंरक्षणाला किंवा खेळाला हवी असेल, अथवा खरोखर शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर अधिकाऱ्याने परवाना द्यावा (अर्जदारात काही खोट नसली तर). ठासणीच्या बंदुकीनं भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर शेतीसाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. आणि पॉइंट टूटूची रायफल? तिचा उल्लेख तिथेच पुढच्या कलमात आहे, पण मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाला, निशाणाच्या सरावासाठी. केळीसाठी नाही.

म्हणजे अमेरिकेत माणूस चोवीस की सव्वीस यावर तीन आठवडे घालवतो, आणि आपल्या शेतकऱ्याला सरकारने १९५९ सालीच सांगून ठेवलंय, वीसच्या खाली जाऊ नकोस. तेही नेमासाठी नव्हे. आखूड नळीची बंदूक घोंगडीखाली लपते म्हणून. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, सहावं. परवानगीवाचून कुणीही बंदुकीची नळी कापून आखूड करायची नाही.

हे सहावं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी साठीची होते. ते बावीसाव्या वर्षी वाचायला हवं होतं.

१९७३च्या भाद्रपदातली गोष्ट. गणपतीला आम्ही सगळे परळहून एसटीनं गावी गेलो होतो. दादा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होता, लग्न होऊन वर्ष झालं होतं. मी कीर्ती कॉलेजातून बीए होऊन नुकतीच नोकरीला लागले होते. अण्णा गिरणीतून निवृत्त होऊन गावीच असत. आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती, परवाना अण्णांच्या नावावर. तिची नळी चांगली लांब होती, चाळीस इंचांच्या वर. पूर्वीच्या या बंदुका लांबच असायच्या, काळी दारू सावकाश जळते ना.

ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हिला मागून उघडायची सोय नसते. तोंडातूनच दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग छरे, मग पुन्हा काथ्या, आणि लांब गजानं ते सगळं ठासायचं. मागे टोपी बसवायची, घोडा पडला की टोपी पेटते आणि ठिणगी आत जाते. एकदा भरली की बाहेरून बघून भरलेली आहे का रिकामी ते कळत नाही. त्यासाठी गज. आजोबांनी गजावर एक खाच पाडली होती. रिकाम्या नळीत गज सोडला की खाच बरोबर नळीच्या तोंडाशी यायची. भरलेली असली की खाच चार बोटं वर राहायची. अंधारातही बोटांनी चाचपून कळायचं. मला ही युक्ती लहानपणापासून फार हुशारीची वाटत आलेली.

आदल्या वर्षी अण्णा कातळावर घसरले, तेव्हा नळीचं तोंड आपटून चेपलं होतं. पावसात तिथे गंज धरला. दादाने शेजारच्या वाडीतल्या लोहाराकडून चेपलेला तुकडा कापून आणला. चार बोटं, बरोबर मोजून. आम्हाला कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही. विळा शेवटून बोथटला की आपण तो घासून आणतो, तसंच.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी आम्ही ओटीवर बसलो होतो. भातं पोटरीला आली होती आणि डुकरं उतरत होती. मीच म्हटलं, "दादा, नळी कापलीस, आता गजावरची खूण खोटी झाली. नवीन कर." मला वाटतं माझ्या बोलण्यात थोडी ऐट होती. एनसीसीत मी पॉइंट टूटूची रायफल चालवली होती, पंचवीस यार्डांवर पाच गोळ्यांचा गट बरा पडायचा माझा. जवळजवळ चार किलोची ती रायफल, सतरंजीवर पालथं पडून धरायची. आमचे हवालदार एकच गोष्ट शंभरदा सांगत. रायफल हातात आली की आधी बोल्ट मागे ओढ, आत बघ. कुणी सांगितलं रिकामी आहे तरी बघ. मी दिली आणि मीच सांगितलं तरी बघ.

मी गज नळीत सोडला. रिकाम्या नळीत गज तळाला पोचला की कसा 'टण्ण' वाजतो, आणि किंचित उसळतो. तो वाजला 'धप्प'. मी दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, "तेलाचा बोळा राहिला असंल तळाला, नि गंज." मी नळीच्या तोंडाशी गजावर अंगठ्याचं नख धरलं. त्याने कोयत्याच्या टोकानं नखाला लागून खाच पाडली.

जुनी खाच तेव्हा नळीच्या तोंडापासून आठ बोटं वर होती. कापली होती चार बोटं. हे आठ वजा चार माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मी ते केलं नाही.

आषाढात अण्णांनी बंदूक भरली होती. घोडा पडला, टोपी फुटली, पण दारू सादळलेली होती, बार निघाला नाही. त्यांनी ती तशीच खुंटीला टांगली आणि विसरले. आमची नवी 'रिकामी'ची खूण भरलेल्या नळीवर पाडलेली होती.

त्या रात्री दादाने नव्या खाचेवर विसंबून दुसरा बार भरला. गज सोडून बघितला, नवी खाच चार बोटं वर. सगळं व्यवस्थित. मळीकडे डुकरं आली, त्याने घोडा ओढला, आणि नळी मागच्या बाजूला फुटली. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट गेलं. डोळे वाचले ते नशिबानं. माग चालवणाऱ्याला डावा अंगठा नसेल तर तुटलेला धागा जोडणार कसा? गिरणीची नोकरी गेली. वहिनीला घेऊन तो गावीच राहिला. नऊ वर्षांनी, १९८२ला संप झाला आणि त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांच्याच नोकऱ्या गेल्या, तेव्हा तो हसून म्हणायचा, "मी आधीच सुटलो." मला त्याचं ते हसणं कधी सहन झालं नाही.

फुटलेली बंदूक पोलिसांकडे जमा झाली. पुढे दादाने आयुष्यभर डबा वाजवून आणि कुत्री पाळून राखण केली. त्या दुपारबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला.

तर ग्रुपवर "आत्याला विचारा" आलं, तेव्हा मी गप्प का होते, हे आता कळलं असेल.

तिसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला. त्याने आणखी एक बातमी दिली. परवाना मिळेपर्यंत त्याने माकडांसाठी पीव्हीसी पाइपची कार्बाइडची बंदूक केली होती. पाइपात कार्बाइडचा खडा, वर थोडं पाणी, गॅस होतो, लायटरची ठिणगी द्यायची, धडाम्. "पाइप जेवढा लांब तेवढा आवाज मोठा, आत्या!" म्हटलं, तो पाइप आत्ता, फोन चालू असताना, तोडून टाक. २०२५च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास याच खेळण्यानं किती पोरांचे डोळे गेले ते पेपरात आलं होतं. बार निघाला नाही म्हणून पोरं पाइपात डोकावून बघतात, आणि तेवढ्यात निघतो. त्याने पाइप तोडल्याचा फोटो पाठवला. माझा विश्वास नव्हता, म्हणून मागाहून वहिनीलाही विचारून घेतलं.

मग तो परवान्याच्या चौकशीला आणि लालबागच्या खोलीच्या कामाला म्हणून मुंबईत आला, तेव्हा मी त्याला घेऊन फोर्टातल्या एका शस्त्रांच्या दुकानात गेले. पंचाहत्तर वर्षांची बाई दादरहून लोकलनं बंदुका बघायला निघाली, हे माझ्या सुनेला पटलं नाही. पण मला त्याच्याशी बोलायचं होतं आणि फोनवर नाही.

सीएसएमटीजवळ चहा प्यायला बसलो. त्याने कागद काढले. अर्ज, सात-बारा, बंदूक हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं त्याची माहिती. निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, नेमक्या पीक तयार असताना, ही तक्रारही करून झाली. ठासणीची मिळायला सोपी, स्वस्त, म्हणून तीच घ्यावी असं त्याच्या मनात होतं. "आणि लांब नळीची," तो म्हणाला. "आजोबांची होती तशी."

मी त्याला तो दिवस सांगितला. गज, धप्प, नख, आठ वजा चार. सगळं. चहा निवला. तो बशीकडे बघत होता. मग म्हणाला, "बाबांनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"की आत्यानं आवाज ओळखला होता. माझ्याकडे बघितलंन तिनं. मलाही कळला होता तो आवाज, म्हणाले, पण लोहाराकडे अर्धा दिवस घालवून आलो होतो, पुन्हा नळी साफ करायचा कंटाळा आला."

बावन्न वर्षं. आणि हे तो मुलाला सांगून गेला, मला नाही. मला राग आला, खरं सांगते. रडू मागाहून, घरी आल्यावर.

दुकानात जाताना मी त्याला एवढंच सांगितलं की लांबी सोड. बारा बोअरची, मागून मोडणारी घे, आणि ठासणीनं का भागत नाही ते अर्जात लिही. लांबीचं म्हणशील तर काडतुसातली दारू चटकन जळते, सव्वीस काय नि तीस काय, डुकराला फरक कळत नाही. लंडनचे चर्चिल नावाचे बंदूकवाले १९२०च्या दशकात पंचवीस इंची नळीच्या बंदुका विकत होते, तेव्हा लोक त्यांना हसत, पण बंदुका खपल्या. (हे विद्यार्थ्यानं सांगितलेलं, मी तसंच पुढे ढकललं.) माकडांना तर तीही चालणार नाहीच, फक्त आवाज. डुकरासाठी वनखात्याची परवानगी वेगळी. आणि सौर कुंपणाचं काय झालं ते आधी विचारून ये. यावर तो "आत्या, तू मास्तरीण ती मास्तरीणच," म्हणाला.

दुकानदार वयस्कर पारशी गृहस्थ होते. परवाना नाही म्हटल्यावर हातात काही देणार नाही म्हणाले, पण मी बघायचं तर बघा. त्यांनी एक एकनळी बारा बोअर काउंटरवर आणली. भाच्याने पहिला प्रश्न विचारलाच, नळी किती. त्यांनी काहीतरी आकडा सांगितला. माझं लक्ष नव्हतं. त्यांनी खटका दाबून बंदूक मध्यावर मोडली, नळीचं मागचं तोंड माझ्याकडे केलं आणि पुढचं टोक दाराच्या उजेडाकडे धरलं.

"आता बघा, बाई."

मी चष्मा वर करून एक डोळा मिटला. आत स्वच्छ चकाकती नळी, आणि पलीकडे रुपयाएवढं गोल ऊन. त्या गोलातून एक टॅक्सी गेली, मग डबेवाल्याची सायकल.

मी बाजूला झाले. भाचा वाकला आणि बराच वेळ बघत राहिला.